साळूच्या फुलाचा रंग

जरा लांबूनच ऐका हं. जवळ आलात आणि बाही अडकली, तर पुन्हा म्हणाल, मेला निवडुंग सगळ्यांना ओरबाडतो. मी कुणाला ओरबाडत नाही. मी आहे तिथेच असतो. माणसं येऊन माझ्यावर आदळतात आणि वर मलाच नावं ठेवतात.

मी वाळवंटी कुळातला, फुलणारा निवडुंग. उंचीला दुधाच्या किटलीएवढा, पायाशी पिल्लांचा गराडा. अंगावर वरून खाली कंगोरे, कंगोऱ्यांवर ओळीनं लोकरीच्या बटणांसारख्या बारीक गाद्या, आणि एकेका गादीतून काट्यांचा झुबका. पानं नाहीत. पूर्वजांनी त्यांचेच काटे करून टाकले, कारण पान ठेवलं की पाणी उडून जातं. त्यामुळे सगळा स्वयंपाक हिरव्या कातडीत. श्वाससुद्धा आम्ही उन्हं उतरल्यावर घेतो. इतकी काटकसर की एखाद्या संसारी बाईनंसुद्धा तोंडात बोट घालावं.

वाळवंट मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझा जन्म एका घराच्या पायरीशी, फुटक्या बादलीत. माझी आई त्या बादलीत बसलेली आणि आम्ही पिल्लं तिच्या कमरेला चिकटलेली. त्या घरात एक विधवा बाई आणि तिच्या दोन मुली. मोठीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या आईनं वर्तमानपत्राची जाड घडी करून मला धरलं, एक हिसडा दिला आणि आईपासून तोडलं. आणि लगेच मातीत लावलं म्हणता? छे. तसंच उघडं, कोरड्या फडक्यावर, खिडकीत ठेवून दिलं.

"अगं आई, वाळून जाईल ना ते!" मोठी म्हणाली.

"जखम सुकू दे आधी. ओल्या जखमेनं मातीत गेलं तर कुजेल. आणि तिकडे गेल्यावर फुललं की मला कळव. तुझ्या सासरची माती कशी आहे ते मला त्यावरून कळेल."

ही मोठी म्हणजेच पुढे माझी मालकीण. तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली 'दादा' म्हणायची, म्हणून ती आपोआप सगळ्यांची 'वहिनी' झाली. मीही तिला वहिनीच म्हणतो.

दादांची बेकरी होती. पुढे दुकान, मागे भट्टी आणि भट्टीला लागून दोन खोल्यांचं बिऱ्हाड. सगळ्या घराला टोस्टचा वास. वहिनींच्या केसांत, उशीच्या अभ्र्यात, दादांच्या भुवयांवरसुद्धा मैदा. मला ठेवलं ते भट्टीच्या भिंतीतल्या खिडकीत. ती भिंत कधी गार पडलीच नाही. हिवाळ्यात गल्लीतली मांजरं येऊन त्या भिंतीला पाठ लावून बसायची, इतकी ती ऊबदार.

दादांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, माहेराहून साळिंदर आणलंस?" तेव्हापासून मी साळू.

माणूस चांगला हो, पण त्यांचं आयुष्य गेलं कणकेच्या गोळ्यांत. त्यांचं एकच शास्त्र होतं: ऊब मिळाली की सगळं फुगतं. रेडिओ खरखरायला लागला, ठेव भट्टीवर. वहिनींची पाठ धरली, टेक भट्टीला. मग मी फुलत नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार?

"ऊब कमी पडत असेल त्याला," दादा म्हणाले. आणि थंडी पडली की माझ्यावर ओलं फडकं! पावाचा गोळा झाकतात तसं. वर चमचाभर साखरेचं पाणी.

"अहो, साखर कशाला?"

"खमीर उठायला नको?"

"त्याच्यात कुठलं खमीर?"

"तू बघच."

मी फुगलो बरं का. नाही म्हणायची सोय नव्हती. लांबुळका, फिकट, एका अंगाला कललेला असा फुगलो की पाव घ्यायला येणारी गिऱ्हाइकं म्हणायची, काय छान तब्येत आहे! तब्येत कसली? सूज ती. आमच्या कुळात हिवाळा म्हणजे उपास आणि झोप. थंडी आणि कोरड अंगात मुरली, अंग आक्रसलं, की मग आत कुठे कळीचा विचार सुरू होतो. इथे मला ना झोप, ना उपास. बारा महिने लाड. वर्षं गेली, वहिनींची मुलगी शाळेत जायला लागली, पण माझ्या अंगावर कळी म्हणून नाही.

वहिनींच्या आईचा निरोप यायचा, "फुलला का गं?" वहिनी म्हणायच्या, "फुलेल गं, एवढ्यात फुलेल."

मग एका पावसाळ्यात वहिनींची आई गेली. घर विकलं. नव्या मालकानं पायरीच्या जागी गाडीसाठी उतार बांधला आणि माझी आई, तिची बादली, सगळं कुठल्यातरी ढिगात गेलं. आमच्या त्या शाखेतला मी एकटाच उरलो.

त्यानंतरची गोष्ट. वहिनींची धाकटी बहीण राहायला आली होती. दोघी खिडकीशी बसून आईच्या गोष्टी काढत होत्या. अमक्या दिवशी आई कशी चिडली, तमक्या दिवशी कशी हसली. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "आणि पायरीवरचं ते जांभळं फूल..."

"जांभळं? लाल होतं ताई ते."

"लाल? काहीतरीच काय. जांभळं."

"चक्क लाल! आईच्या त्या साडीसारखं."

"कुठली साडी?"

मग साडीवरून भांडण. मग दाराच्या रंगावरून. शेवटी धाकटी फुरंगटून आत गेली आणि वहिनी माझ्याकडे बघत बसल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला म्हणाल्या, "साळू, मला आईचं दारसुद्धा नीट आठवत नाही रे. ती तिथे उभी असायची तर तिच्या मागे काय असायचं, काही दिसतच नाही. तेवढं फूल जरी एकदा दिसलं ना, तरी बाकीचं आठवेल. तू सांग, कोणत्या रंगाचं होतं?"

मी काय सांगणार? मी स्वतःच कधी फुललेलो नाही. माझं फूल कोणत्या रंगाचं, हे त्या घरात ज्याला मुळीच ठाऊक नव्हतं तो मीच. आईच्या कमरेशी होतो तेव्हा माझं सगळं लक्ष पाणी पिण्यात.

पण त्या दिवसापासून वहिनींचा जीव माझ्या फुलावर टांगला. आल्यागेल्याला विचारायच्या. कुणी सांगितलं चहाचा चोथा घाला, घातला. कुणी म्हणालं त्याच्याशी गोड बोला, बोलल्या. आणि ऊब! ऊब तर होतीच. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो बाई, मला जरा वाऱ्यावर सोडा! पण निवडुंगाला तोंड कुठे असतं.

आता समोरच्या ताईंबद्दल सांगायला हवं. त्या नसत्या तर ही गोष्टच झाली नसती.

गल्ली अरुंद. आमच्या खिडकीच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर ताईंची गॅलरी. ताई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. कुणाकडे पाहुणे आले, किती बॅगा आणल्या, म्हणजे किती दिवस राहणार, सगळं त्यांना ठाऊक. मनानं मात्र मऊ. कुणाचं मूल आजारी पडलं तर पहिली वाटी त्यांच्याकडून जायची, आणि वाटी परत आणताना सगळी बातमीही यायची. वहिनी आणि त्यांची चांगली मैत्री. फक्त एक अडचण होती. बेकरीवाली माणसं दुपारी झोपतात. सगळी गल्ली झोपलेली असते तेव्हा त्यांची भट्टी पेटलेली असते. दुपारची झोप हीच त्यांची रात्र. आणि ताईंना बातमी सापडायची ती नेमकी दुपारी.

ठक ठक ठक. "वहिनी, झोपलात का?"

झोपलेल्या माणसाला झोपलात का विचारणाऱ्या ताईंसारख्या त्याच. दादा आत कूस बदलून दात खायचे.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर भट्टीच्या आतल्या विटा बदलायला काढल्या. भिंत फोडायची, धूळ, चुना. वहिनींनी मला उचललं आणि समोर नेलं. "ताई, चार दिवस सांभाळाल का साळूला? काम झालं की नेते."

"चार दिवस काय, चार महिने ठेवा!" ताई म्हणाल्या. बोलण्यात बोलून गेल्या बिचाऱ्या.

भट्टीचं काम झालं. उद्या मला न्यायचं ठरलं. आणि त्याच दुपारी ताईंना दिसलं की कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचा जावई नव्याकोऱ्या गाडीतून आला. झालं. ठक ठक ठक! दादा दचकून जागे झाले. मग झोप लागेना. आणि लागली ती अशी लागली की संध्याकाळी उठायची वेळ टळून गेली. इकडे नव्या भट्टीसाठी म्हणून मळलेला पहिला घाणा परातीत फुगून फुगून बाहेर आला, आंबला, खाली बसला. सगळा फेकावा लागला. दुसऱ्या दिवशी दुकानात पाव नाही. नव्या भट्टीचा पहिला दिवस, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत.

दादा एरवी शांत. पण त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "ताई, तुम्हाला उद्योग नाही म्हणून आम्हालाही नाही असं समजू नका! दुसऱ्याच्या दारात नाक खुपसायचं तर निदान तो जागा असताना खुपसा!"

ताईंचा चेहरा पांढराफटक. गॅलरीत माझ्या शेजारी उभ्या होत्या, कठडा धरून. "बरं," त्या म्हणाल्या. "आजपासून तुमच्या दाराला दिवसाढवळ्या हात लावला तर माझं नाव बदला."

आणि आत गेल्या.

वहिनी मधल्यामध्ये. नवऱ्याचं चुकलं हे त्यांना कळत होतं, पण घाणाही गेला होताच. मला न्यायला कुठल्या तोंडानं येणार? आणि ताई मला परत द्यायला कशाला जातील? "त्यांचं झाड, त्यांना हवं तर नेतील," असं त्या भिंतीला सांगायच्या. मी तिथेच राहिलो. उघड्या गॅलरीत, उत्तरेच्या वाऱ्यावर, कठड्याच्या कोपऱ्यात.

आणि पाणी? ताईंनी पाण्याचा थेंब घातला नाही. रागानं. "मी का म्हणून घालू? मी काय त्यांची नोकर आहे?" तुळशीपासून गुलाबापर्यंत सगळ्या कुंड्यांना पाणी घालत यायच्या, माझ्यापाशी आल्या की तांब्या वर उचलून पुढे.

मंडळी, तो हिवाळा! आयुष्यात पहिल्यांदा मला थंडी वाजली. अंगातलं साखरपाणी उतरलं. कंगोरे भात्यासारखे मिटत गेले, कातडीला सुरकुत्या पडल्या, रंग तपकिरी झाला. मी मातीत खाली खाली ओढला गेलो. आणि काय सांगू, किती बरं वाटलं. सतत पाहुणचार झालेल्या माणसाला एकदाचं आपल्या घरी येऊन आडवं पडावं, तसं. मी झोपलो.

बाहेरून मात्र मी मेल्यासारखा दिसत असणार. कारण समोरच्या खिडकीत वहिनी रोज संध्याकाळी येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघत पदर तोंडाशी धरायच्या. त्या बघताहेत हे ताई पडद्याआडून बघायच्या. दोघींनाही वाटत होतं की मी चाललो. एकदा तर ताई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यावर वाकल्या. तांब्या तिरका केला. आणि थांबल्या. "नको बाई. आता पाणी घातलं आणि उद्या मेलं, तर म्हणतील मीच मारलं." तांब्या परत गेला. तेवढ्यावर माझं फूल वाचलं, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

ऊन चढायला लागलं. वारा फिरला. एका सकाळी मला अंगात काहीतरी रुतल्यासारखं वाटलं. इतर झाडांच्या कळ्या कशा डहाळीतून अलगद येतात. आमच्या जातीची कळी कातडीच्या आत धरते आणि गादीच्या जरा वर कातडी फाडून बाहेर पडते. दुखतं हो. तिथे व्रण राहतो, कायमचा. माझ्या डोक्याजवळ दोन बाजूंना दोन फुगवटे आले, मग त्यांना केसाळ टोकं फुटली.

ताई घाबरल्या. मुलाला हाक मारली. "अरे, ह्याला गळवं झालीत बघ!"

मुलगा तेव्हा कॉलेजात. चष्मा पुसून वाकून बघितलं. "आई, कळ्या आहेत त्या."

"कळ्या?" ताई मटकन स्टुलावर बसल्या. मग काय वाटलं कोण जाणे, उठल्या, वाटीभर पाणी आणलं आणि माझ्या मुळांशी हळूच ओतलं. "पी," म्हणाल्या. "तुझं काय भांडण आहे माझ्याशी?"

आणि मग तो दिवस. ऊन डोक्यावर आलं आणि माझी एक कळी उलगडली. मला माझ्या डोक्याशी काय झालंय ते दिसेना. नुसतं हलकं वाटलं. मी ताईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्या केर काढता काढता थांबल्या, आणि केरसुणी हातातच राहिली.

"अगं बाई," इतकंच म्हणाल्या.

दोघी बहिणींचं रंगावरून झालेलं भांडण ताईंना ठाऊक नसेल असं वाटलं तुम्हाला? खिडकी उघडी होती त्या दिवशी. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. त्यामुळे हे फूल कुणासाठी आहे हे त्यांना बरोबर कळलं. समोर बघितलं. बेकरीची खिडकी बंद, पडदा ओढलेला. त्यांची रात्र चालली होती.

"उठतील संध्याकाळी. तेव्हा दाखवू. मी काही बोलणार नाही, नुसती कुंडी कठड्यावर ठेवीन."

पण आमची फुलं उन्हाची. ऊन उतरलं की मिटतात. संध्याकाळी वहिनी खिडकीत आल्या, तेव्हा माझ्या डोक्याशी एक बोंड होतं, पिळलेल्या रुमालासारखं. ताईंनी कुंडी कठड्यावर ठेवली होती. वहिनींनी पाहिलं, आणि काही न कळून आत गेल्या.

ताईंना वाटलं, संपलं. एका दिवसाचं फूल होतं ते, आणि आपल्या हट्टापायी गेलं. त्या मुलावर उगीच खेकसल्या. जेवल्या नाहीत. भांडी घासताना एकट्याच बोलत होत्या. "जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक शिवी जास्त खाल्ली असती."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा उघडलो. आणि आज दोन्ही कळ्या.

ताईंनी मला पाहिलं. मग गॅलरीत येरझाऱ्या. "आज आहे. उद्या असेल नसेल. पण दार वाजवणार नाही म्हटलं मी. सगळ्या गल्लीनं ऐकलंय. आणि तो माणूस! पुन्हा घाणा बिघडला तर? पण ती बाई... ती बिचारी रंग विचारत फिरतेय."

एकदा जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या. मग पदर खोचला, वर्तमानपत्र माझ्याभोवती गुंडाळलं आणि मला उचललं. माझे चार काटे त्यांच्या मनगटात गेले. हूं की चूं केलं नाही. भर दुपारी, अनवाणी, तापलेली गल्ली ओलांडून बेकरीच्या मागच्या दाराशी उभ्या. दोन्ही हात माझ्यात गुंतलेले. एक क्षण विचार केला आणि माझ्या कुंडीचं बूड दारावर आपटलं.

ठक! ठक! ठक!

दार धाडकन उघडलं. दादा. डोळे तारवटलेले, गालावर उशीचे वळ.

"ताई! तुम्ही म्हणाला होतात ना, दाराला हात..."

"हात कुठे लावला? कुंडी लावली. वहिनींना उठवा."

"अहो, पण..."

"दादा, मग काय बोलायचंय ते बोला. उभी राहून ऐकते. आधी त्यांना उठवा. हे मिटतं."

दादांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. इतकी वर्षं फडकी झाकली, साखर पाजली, तो हा साळू. ते वळले आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "अगं! ये! आधी ये, चष्मा नंतर शोध!"

वहिनी आल्या. केस सुटलेले, डोळ्यांत झोप. उंबऱ्यात थांबल्या. ताईंनासुद्धा काही बोलता येईना, आणि हे मी मुद्दाम सांगतोय कारण पुन्हा कधी असं झालं नाही.

"राणी रंग," शेवटी ताईच कुजबुजल्या. "लालही नाही, जांभळंही नाही. तुम्ही दोघी भांडत होतात ना."

वहिनींनी ते ऐकलंच नाही. त्या वाकल्या, अगदी नाक काट्यांना लागेल इतक्या, आणि फुलाच्या आत बघितलं. आमच्या फुलाच्या मध्यभागी एक हिरवागार झुबका असतो, पोपटाच्या पंखासारखा. इतक्या भडक रंगात तेवढाच हिरवा.

"हे हिरवं," वहिनी म्हणाल्या. "हे हिरवं मी विसरले होते."

आणि मग त्यांचं बोलणं सुरू झालं. "आई माझे दोन्ही हात मागे धरायची. काटा लागू नये म्हणून. आणि म्हणायची, आत बघ, हिरवं दिसलं का? दिसलं म्हटल्याशिवाय सोडायची नाही. तिच्या बांगड्या मला मागे टोचायच्या. आणि दार... दार करडं होतं. खाली पोपडे निघालेले. मी नखानं काढायची म्हणून मार खाल्लाय." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "ती माझ्या मागे उभी असायची हो ताई. म्हणून तिच्या मागचं मला काही आठवत नव्हतं. मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी ह्याच्यात बघत होते."

दारात सावली होती. माझ्या पाकळ्या आवळायला लागल्या. "अहो, उन्हात, उन्हात!" दादा ओरडले आणि मला उचलून पायरीवर आणलं. तिघंही तिथेच बसली, भर उन्हात, पायरीवर ओळीनं. दादांनी आतून टोस्टचा डबा आणला.

"ताई," डबा पुढे करत ते म्हणाले, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"जरा?" ताई म्हणाल्या. "सबंध गल्लीनं ऐकलं." आणि दोन टोस्ट घेतले. "पण शिंपीणबाईंचा तो जावई... गाडी त्याची नव्हतीच, माहीत आहे का?"

"नाही! कुणाची होती?" वहिनी पुढे सरकल्या.

दादांनी कपाळाला हात लावला.

धाकट्या बहिणीला फोन लावला तेव्हा ती पलीकडून म्हणाली, "मी लाल कधी म्हटलं? मी आधीपासून राणीच म्हणत होते!"

ती फुलं आठवडाभर उघडत-मिटत राहिली. त्या दिवसांत वहिनी दुपारच्या झोपल्या नाहीत. पुढच्या थंडीला त्यांनी मला स्वतः समोर नेऊन ठेवलं. "ताई, पाणी घालू नका बरं का. अगदी रुसल्यासारखं वागा त्याच्याशी." दादांना ते शास्त्र काही पटलं नाही. "थंडीत फुगतं म्हणे," असं पुटपुटत राहिले. पण फुलांच्या दिवसांत पायरीवर पहिले तेच येऊन बसायचे.

किती छान वर्षं होती ती. पायरीवरचं ऊन, टोस्टचा चुरा, दोघींच्या गप्पा आणि मध्ये मी. जाणारे येणारे थांबायचे. कुणी म्हणायचं, एवढ्या काट्यांत एवढं सुंदर! ते ऐकून मला कंटाळा यायचा, पण ताई प्रत्येकाला नव्यानं सगळी गोष्ट सांगायच्या आणि प्रत्येक वेळी दारावरचे ठोके एकेकानं वाढायचे.

मग दादांच्या गुडघ्यांनी दगा दिला. भट्टीपुढे उभं राहवेना. मुलीनं दोघांना आपल्याकडे नेलं, लांबच्या शहरात, वरच्या मजल्यावर. निघताना वहिनींनी माझ्या कमरेचं एक पिल्लू तोडलं, फडक्यात गुंडाळलं. मला मात्र नेलं नाही. "तो इथेच बरा. तुमची गॅलरी त्याला मानवते," म्हणाल्या. ताईंना मिठी मारताना मी दोघींच्या मध्ये होतो, तरी कुणी बाजूला झालं नाही.

बेकरीच्या जागी आता औषधांचं दुकान आहे. पांढरा दिवा, काचेचं दार. मांजरं अजून सवयीनं त्या भिंतीपाशी येतात, हुंगतात आणि निघून जातात.

वहिनींच्या पिल्लाला तिकडे थंडीच मिळत नाही. खोल्या बंद, ऊबदार. ते फुललेलं नाही. म्हणून मी फुललो की ताई मोबाइल माझ्या तोंडाशी धरतात आणि पलीकडे वहिनी दिसतात, पांढऱ्या केसांच्या. त्यांची लेक म्हणते, आईला हल्ली काही लक्षात राहत नाही, सकाळी जेवली की नाही तेसुद्धा. मागच्या वर्षी वहिनी ताईंकडे बघून नुसत्या हसल्या, हाक काही मारली नाही. पण फूल दिसलं तसं म्हणाल्या, "आत दाखव, आत. हिरवं दिसत नाहीये." दिसल्यावर दोन्ही हात मागे घेतले आणि तशाच बसून राहिल्या. लेक म्हणाली, त्यानंतर आठवडाभर आई आजीचं घर सांगत होती, पायरीपासून माडीपर्यंत.

आता माझी अवस्था सांगतो. बुडाशी मी लाकडासारखा झालोय. अंगभर फुलांचे व्रण. कुंडी पिल्लांनी भरून गेली आहे, हलवायला गेलं तर फुटेल. म्हणजे मी आता इथून कुठे जाणार नाही. आणि ह्याच गॅलरीचं मोजमाप घ्यायला आज माणूस आलाय. ताईंचा मुलगा ती सरकत्या काचांनी बंद करून घेणार आहे. त्याचंही चुकत नाही. आईला खोकला होतो, वारा लागतो, आणि एक खोली वाढेल. पण काचा लागल्या की इथे भट्टीची भिंतच होईल पुन्हा. मी जगेन, गुबगुबीत होईन. फुलणार मात्र नाही. आणि मग तिकडे त्या बाईंना हिरवं कुठून दाखवणार?

मला बोलता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. कुणाच्या खिडकीत आमच्यातला कुणी असेल, तर त्याला थंडीत उपाशी ठेवा, वाऱ्यावर ठेवा, कीव करू नका. एवढंच मागणं आहे.

टेप लावणारा माणूस कोपऱ्यापर्यंत आला, माझ्यापाशी थांबला. "हे हलवावं लागेल."

"हलत नाही ते," ताई दारातून म्हणाल्या. "त्याच्या बाजूची काच लावूच नका. तेवढी जागा उघडी ठेवा."

मुलगा वैतागला. "आई, अगं मग बाकीच्या काचा लावून उपयोग काय? खोकतेस किती तू. सगळी थंडी आत येईल."

ताईंनी शाल घट्ट ओढली, स्टूल सरकवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"येऊ दे," त्या म्हणाल्या.